झूरा शाह कोर्टात गप्प का राहिल्या?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकते. मी इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये गडबड कुठे आहे ते शोधते. पण गेली काही वर्षं मला निकालपत्रं वाचायचा नाद लागला आहे. इंग्लंडच्या न्यायालयांची बरीचशी निकालपत्रं इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि ती वाचताना मला फार परकं वाटत नाही. एक नियम, त्याला एक अपवाद, अपवादालाही अट. आमच्या कामातही तेच चालतं. फरक इतकाच, की आमच्याकडे चूक झाली तर ॲप बंद पडतं आणि तिथे एखाद्याचं आयुष्य तुरुंगात जातं.

आयोजकांनी मला ‘कायदा आणि मानसिक आरोग्य’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी त्यातला एकच कोपरा घेतला आहे. इंग्लंडच्या कायद्यात खुनाच्या आरोपाला एक अर्धा बचाव आहे. त्याचं नाव ‘डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी’. आपण त्याला ‘उणावलेली जबाबदारी’ म्हणू. अर्धा अशासाठी, की तो मान्य झाला तरी माणूस निर्दोष सुटत नाही. गुन्हा फक्त खुनावरून एक पायरी खाली येतो, आपण ज्याला सदोष मनुष्यवध म्हणतो साधारण त्या पायरीवर. पण त्या एका पायरीने सगळं बदलतं. इंग्लंडमध्ये खून सिद्ध झाला की जन्मठेप द्यावीच लागते, न्यायाधीशाच्या हातात दुसरं काही उरत नाही. सदोष मनुष्यवध असेल तर तो माणूस बघून शिक्षा ठरवू शकतो. जन्मठेप देऊ शकतो, काही वर्षांची कैद देऊ शकतो, मनोरुग्णालयात पाठवू शकतो.

ही पायरी आली कुठून, ते थोडक्यात सांगते.

जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. ड्रमंड पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव होते आणि मॅकनॉटनला ते पीलच वाटले असं मानलं जातं. सरकार आपल्या मागावर आहे अशा भ्रमात तो होता. ज्युरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. आपण काय करतोय हेच आरोपीला मनाच्या आजारामुळे कळत नसेल, किंवा ते चूक आहे हे कळत नसेल, तरच तो वेडा. बाकी सगळे शहाणे.

हा विचार आपल्याकडेही आला आणि आजही आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ याच धाटणीचं होतं, आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २२ म्हणून बसलं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बूलियन आहे, हो किंवा नाही. पण माणसाचं मन असं चालत नाही हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? आपण काय करतोय हे ज्याला समजतं, ते चूक आहे हेही समजतं, पण ज्याचं मन आतून इतकं खचलंय की स्वतःला थांबवणं त्याला जमत नाही, अशा माणसाचं काय?

स्कॉटलंडने याचं उत्तर आधी शोधलं. १८६७ मध्ये लॉर्ड डीस यांच्यासमोर बायकोचा जीव घेणाऱ्या एका दारुड्याचा खटला आला. माणूस वेडा नव्हता, पण मनाने धडही नव्हता. त्याला खुनाऐवजी खालच्या गुन्ह्यासाठी दोषी धरता येईल, असं लॉर्ड डीस यांनी ज्युरीला सांगितलं आणि ज्युरीने तसंच केलं. इंग्लंडला हीच गोष्ट मान्य करायला पुढची नव्वद वर्षं लागली.

त्या नव्वद वर्षांच्या अगदी शेवटी रूथ एलिस येते. वय २८, नाइट क्लबमध्ये मॅनेजर. एप्रिल १९५५ मध्ये तिने आपला प्रियकर डेव्हिड ब्लेकली याला लंडनमधल्या एका पबबाहेर गोळ्या घातल्या. त्याच्या काही दिवस आधी ब्लेकलीने तिच्या पोटात गुद्दा मारला होता आणि तिचा गर्भ पडला होता. खटल्यात सरकारी वकिलाने तिला एकच प्रश्न विचारला, जवळून पिस्तूल झाडताना तुझा हेतू काय होता? त्याला मारायचं होतं हे उघडच आहे, असं तिने सांगितलं. ज्युरीला निर्णयाला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. १३ जुलै १९५५ ला तिला फाशी झाली. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती शेवटची स्त्री.

१९५७ मध्ये होमिसाइड ॲक्ट आला आणि त्याच्या कलम २ ने उणावलेली जबाबदारी इंग्लंडच्या कायद्यात आणली. रूथ एलिसच्या फाशीवरून उठलेला संताप त्यामागच्या कारणांपैकी एक होता. २००३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी, तिच्या बाजूने केलेलं अपील फेटाळलं गेलं. १९५५ चा खटला १९५५ च्या कायद्यानेच तपासायचा, आणि तेव्हा हा बचाव अस्तित्वातच नव्हता. तर्क म्हणून बिनचूक. मला तो वाचून गप्प बसावं लागलं.

आता हा बचाव मिळतो कसा? २००९ च्या कायद्याने त्याची भाषा बदलली आणि ऑक्टोबर २०१० पासून ती लागू आहे. आरोपीच्या मनाच्या कामकाजात बिघाड असला पाहिजे. तो बिघाड वैद्यकशास्त्राने मान्य केलेल्या एखाद्या आजारातून आलेला असला पाहिजे. त्यामुळे आपण काय करतोय हे समजण्याची, सारासार विचार करण्याची किंवा स्वतःला आवरण्याची कुवत बरीच खालावलेली असली पाहिजे. आणि जे घडलं त्याचा खुलासा त्या बिघाडातून झाला पाहिजे. ‘बरीच’ म्हणजे किती, यावर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. नुसता नावापुरता परिणाम चालणार नाही, तो खरोखर वजनदार हवा, असं तिथे ठरलं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गुन्हा सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं असतं, हे आपण सगळे जाणतो. या बचावात ते उलटं आहे. माझं मन ठिकाणावर नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. संशयापलीकडे नाही, पण ‘तसं असण्याची शक्यता जास्त आहे’ इतपत तरी. म्हणजे डॉक्टर आणायचा, कागद आणायचे. आणि बहुतेक वेळा आपल्या घरात काय चाललं होतं ते अनोळखी बारा माणसांसमोर उघडं करायचं.

त्यातही डॉक्टर म्हणाला म्हणजे झालं असं नाही. पीटर सटक्लिफने यॉर्कशायरमध्ये आणि आसपास तेरा बायकांचे जीव घेतले. १९८१ च्या खटल्यात मनोविकारतज्ज्ञ त्याच्या बाजूने होते आणि सरकार पक्षही त्याचा अर्धा बचाव मान्य करायला तयार होता. न्यायाधीशांनी ऐकलं नाही, हे ज्युरी ठरवेल म्हणाले. ज्युरीने तेराही खून मानले.

आता ज्या दोन बायकांसाठी मी हा विषय घेतला त्यांच्याकडे येते. दोघी आपल्या उपखंडातल्या. एक पंजाबची शीख, एक पाकिस्तानातल्या मीरपूरकडची मुसलमान.

पहिल्या किरणजीत अहलुवालिया. ‘प्रोव्होक्ड’ नावाचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, ऐश्वर्या रायचा. तो यांच्यावर आहे. लग्न १९७९ मध्ये झालं आणि दहा वर्षं मार खाण्यात गेली. नवरा घर सोडून गेला तेव्हा त्यांनी त्याला एक पत्र लिहिलं होतं आणि ते अपिलाच्या निकालपत्रात आहे. परत ये, मी काळी कॉफी पिणार नाही, हिरवी मिरची खाणार नाही, मैत्रिणींकडे जाणार नाही, केस रंगवणार नाही, तुला आवडत नसेल तर हसणारही नाही. मी ते ऑफिसमधून घरी येताना बसमध्ये वाचत होते. हिरव्या मिरचीपाशी मला फोन बंद करून ठेवावा लागला.

मे १९८९ मधल्या एका रात्री, क्रॉली गावातल्या घरी, नवऱ्याने गरम इस्त्री त्यांच्या तोंडाला लावली. तो झोपल्यावर त्यांनी पेट्रोल आणि कॉस्टिक सोडा एकत्र केला, त्याच्या खोलीत टाकला आणि पेटवून दिला. काही दिवसांनी तो मेला. डिसेंबरमध्ये खटला चालला. किरणजीत साक्षीला उभ्या राहिल्या नाहीत. बचावाकडून एकही डॉक्टर आला नाही. खरं तर त्यांना तीव्र नैराश्य असल्याचा एका तज्ज्ञाचा अहवाल तयार होता, पण तो कोर्टापुढे ठेवलाच गेला नाही. शिक्षा झाली जन्मठेपेची.

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही लंडनमधली आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांची संघटना त्यांच्या मागे उभी राहिली. तुरुंगात भेटी, मोर्चे, पत्रकं सुरू झाली. मुख्य म्हणजे किरणजीत बोलू लागल्या. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने चिथावणीचा मुद्दा मान्य केला नाही. त्या काळच्या कायद्यात चिथावणी म्हणजे अचानक आणि तात्पुरता तोल सुटणं, आणि इथे नवरा झोपेपर्यंत मध्ये वेळ गेला होता. पण नैराश्याचा तो अहवाल न्यायालयाने पाहिला आणि खटला नव्याने चालवायला सांगितलं. सप्टेंबर १९९२ मध्ये उणावलेल्या जबाबदारीच्या आधारे गुन्हा खाली आला. तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि तेवढी त्यांनी आधीच भोगली होती. त्या दिवशी त्या घरी गेल्या.

दुसऱ्या झूरा शाह. यांच्यावर ऐश्वर्या रायचा सिनेमा निघाला नाही.

लग्न होऊन त्या ब्रॅडफर्डला आल्या. नवऱ्याने मारहाण करून सोडून दिलं तेव्हा मुलं लहान होती. मग मोहम्मद आझम नावाच्या माणसाने आधार दिला, राहायला घर मिळवून दिलं. तो बायकापोरांचा धनी आणि ड्रग्जच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. त्या आधाराची किंमत काय होती हे झूरा यांनी फार उशिरा सांगितलं. वर्षानुवर्षं शरीराची जबरदस्ती, तो तुरुंगात असताना त्याने पाठवलेले दुसरे पुरुष, आणि शेवटी आपल्या मुलींवर त्याची नजर जाईल ही धास्ती. १९९२ मध्ये त्यांनी त्याला आर्सेनिक घातलं.

१९९३ च्या खटल्यात यातलं काहीच आलं नाही. झूरा यांनी आरोप नाकारला आणि साक्ष दिली नाही. घर बळकावण्यासाठी खून केला, असं सरकार पक्षाने सांगितलं. दुसरी कुठली गोष्ट ज्युरीसमोर नव्हतीच. जन्मठेप झाली आणि किमान वीस वर्षं आत राहावं लागेल असं ठरलं.

गप्प का राहिल्या? इज्जतीसाठी. स्वतःची तर होतीच, पण त्याहून मुलींची. मुली लग्नाच्या होत होत्या. आईने भर कोर्टात सांगायचं, की माझ्यावर इतकी वर्षं अमक्या अमक्याने हे केलं? ब्रॅडफर्डच्या त्या मोहल्ल्यात ती बातमी संध्याकाळपर्यंत पोहोचली असती. हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. मीरज असो, मालेगाव असो, मुंब्रा असो, ‘लोग क्या कहेंगे’ हे वाक्य आपण दुधाबरोबर प्यायलो आहोत.

किरणजीत यांच्या पाठीशी उभी राहिलेली तीच संघटना झूरा यांच्याकडेही गेली. हळूहळू त्या बोलल्या. डॉक्टरांनी तपासलं, नैराश्याचे अहवाल झाले, आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयासमोर सगळं मांडलं गेलं. न्यायालयाने ते फेटाळलं. ही हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाही, आणि खरी असती तर खटल्यातच का सांगितली नाही याचं पटण्यासारखं कारण नाही, असं त्याचं म्हणणं. इज्जतीच्या मुद्द्याबद्दल निकालपत्रातला मतितार्थ असा, की या बाईंचं एकंदर जगणं पाहता वाचवण्यासारखी फारशी इज्जत उरली असेल असं वाटत नाही.

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. न्यायाधीशांना इज्जत ही बँकेतल्या शिलकीसारखी वाटली. उधळून झाली, की मग राखायची कशाला? आपल्याला माहीत आहे की ती तशी चालत नाही. जिची बाहेर सगळ्यात जास्त बदनामी झालेली असते तीच घरात उरलेल्यांसाठी सगळ्यात जास्त तोंड मिटून बसते. झूरा यांची किमान मुदत २००० मध्ये वीसवरून बारा वर्षांवर आणली गेली. त्या २००६ मध्ये सुटल्या.

या दोन निकालांत कायद्याचा शब्द एकच होता, १९५७ चा. एकीचा अहवाल आधीपासून फाइलमध्ये पडून होता आणि दुसरीचा खटल्यानंतर कित्येक वर्षांनी तयार झाला. एकीची हकीकत न्यायाधीशांना ओळखीची वाटली, पती, पत्नी, मारहाण. दुसरीची वाटली नाही. मला वाटतं हा बचाव कागदावर जितका दयाळू आहे तितकाच तो आरोपीच्या बोलण्यावर अवलंबून आहे, आणि बोलणं वेळेवर झालं पाहिजे. ज्या समाजात बाईने बोलायचं नसतं, त्या समाजातल्या बाईला तो सगळ्यात कमी मिळतो.

आणि पुरावा? ‘वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार’ असं कायदा म्हणतो. आमच्या गल्लीत एक चाची होत्या. दिवसेंदिवस खोलीत पडून राहायच्या, जेवायच्या नाहीत, मध्येच किंचाळायच्या. त्यांना ‘बाहेरचं’ झालंय म्हणून दर्ग्यावर नेत, ताईत बांधत, पाणी पाजत. दहा-बारा वर्षं हे चाललं आणि त्या काळातली एकाही डॉक्टरची चिठ्ठी त्या घरात नाही. चाचींनी कुणाला इजा केली नाही, त्या स्वतःच खंगून गेल्या. पण उद्या अशा घरातल्या बाईला कोर्टात उभं राहावं लागलं, तर ती दाखवणार काय? ताईत?

या बचावाबद्दल माझी एक तक्रारही आहे आणि तिथल्या स्त्रीसंघटनांनी ती कितीतरी आधी मांडली आहे. किरणजीत यांना सुटण्यासाठी आजारी ठरावं लागलं. दहा वर्षं मार खाल्लेल्या बाईचा तोल जाणं हे कायद्याला माणसासारखं वाटलं नाही, नैराश्य म्हटल्यावर वाटलं. २००९ च्या कायद्याने जुनी चिथावणी रद्द केली, तिच्या जागी ‘ताबा सुटणं’ हा बचाव आणला आणि तो अचानक सुटला पाहिजे ही अट काढली. तरी सॅली चॅलन यांचं बघा. २०१० मध्ये त्यांनी नवऱ्याला हातोडीने मारलं. २०११ मध्ये ज्युरीने उणावलेल्या जबाबदारीचा बचाव नाकारला आणि जन्मठेप झाली. पुढे २०१५ मध्ये जोडीदाराला सतत धाकात आणि नियंत्रणात ठेवणं हा इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्यांच्या संसारात तेच चाललं होतं हे बाहेर बोललं जाऊ लागलं. पण २०१९ मध्ये खुनाचा ठपका पुसला गेला तो मुख्यतः मनोविकाराच्या नव्या पुराव्यावर. पुन्हा आजारच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आरोपींचीच वकिली करायला आली. २०२३ मध्ये नॉटिंगहॅममध्ये एका माणसाने तिघांना भोसकून मारलं. त्याला तीव्र स्किझोफ्रेनिया होता. सरकार पक्षाने त्याचा अर्धा बचाव मान्य केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. मेलेल्यांच्या घरच्यांचा संताप झाला. आमच्या पोरांचे खून झाले आणि कागदावर खून हा शब्दच नाही, हे त्यांचं दुःख. मला ते अजिबात खोटं वाटत नाही. शब्दाला किंमत असते. तरीही, ज्याला आतले आवाज हुकूम देत होते त्याला आणि घरासाठी वीष घालणाऱ्याला एकच शब्द लावावा असं मला वाटत नाही.

आपल्याकडे काय, असा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी एका भावाने विचारला. आपल्याकडे ही मधली पायरी नाही. कलम २२ चा पूर्ण वेडेपणा आहे, आणि गंभीर व अचानक चिथावणीचा अपवाद आहे, नानावटी खटल्यामुळे मुंबईला तो चांगलाच ठाऊक आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका खटल्यात ती चिथावणी हळूहळू साठत गेलेलीही असू शकते असं मानलं, पण संहितेत तसं लिहिलेलं नाही. मनाचा आजार आपल्याकडे जास्त करून शिक्षा ठरवताना विचारात येतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, फाशी ठोठावल्यावर कैद्याला झालेला गंभीर मनोविकारही फाशी टाळण्याचं कारण ठरू शकतो, असं सांगितलं आणि त्याची फाशी रद्द करून त्याला उरलेलं आयुष्य तुरुंगात ठेवलं. पण गुन्ह्याचं नाव तेच राहिलं, खून.

इंग्लंडसारखी पायरी इथे आणावी का? मला वाटतं आणावी. पण जामिनासाठी वकील मिळत नाही अशा आरोपीला मनोविकारतज्ज्ञ कोण देणार, हे ठरवल्याशिवाय आणली तर ती पैसेवाल्यांची पायरी होईल. यावर तुमच्यात कायदा शिकणारे तिघे-चौघे आहेत, त्यांचं वेगळं मत असेल तर ऐकायला आवडेल. माझा वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या मुलींनी आधी विचारा, मघापासून तुमची कुजबुज चालली आहे.